चमकणारी धार

चमकते ती धार, असं ज्याला वाटतं त्यानं आयुष्यात कधी सुरी घासलेली नसते. आमच्या गावचा जमीनदार, ज्याला सगळे मालक म्हणतात, तो त्यातलाच.

माझा बाप बाजाराच्या दिवशी विळे, सुऱ्या, अडकित्ते यांना धार लावतो. त्याची पारख साधी. पातं उन्हात धरून धारेकडं सरळ बघायचं. पांढरी रेघ चमकली की तिथं पातं बोथट. खरी धार दिसतच नाही. मग अंगठ्याच्या नखावर पातं तिरकं टेकवायचं, जोर न लावता. घसरलं तर परत दगडावर, रुतलं तर झालं. शेवटी मी वाटत फिरायचो त्या चळवळीच्या पत्रकांतलं एखादं माझ्या पिशवीतून ओढून ते हवेत धरून कापायचं. कागद जिथं अडकून फाटला तिथं धारेत खाच राहिलेली. ह्या कागदांचा तेवढा तरी उपयोग, असं वर मला ऐकवायचं.

लातूर जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. जिल्ह्याचे फटाके आमच्या गावातही वाजले. पाणी मात्र टँकरनं यायचं, आणि टँकर उभा राहायचा मालकाच्या दारात. तिथूनच आमच्या बौद्ध वस्तीसाठी नळी सोडायचे. त्या उन्हाळ्यात त्याच्या गोठ्यातली जनावरं पटापट मरू लागली. चामडं वाया चाललंय म्हणून मालकाचा जीव तुटत होता. जनावरं मेली त्याचं काही नाही.

एका सकाळी त्याच्या गड्यानं बापापुढं एक सुरी आणून टाकली. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ती लगेच ओळखली. धम्म घेतला तेव्हा मेलेली ढोरं ओढायचं आणि सोलायचं काम थोरल्यांनी सोडलं होतं, आणि सोलायच्या सुऱ्या मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या होत्या. त्यानं त्यातली एक इतकी वर्षं जपली. का जपली, हे मला कुणी समजावून सांगायला नको. निरोप होता की फक्त धार लावा, माणसं मी बघतो. आज धार लावली की उद्या ती सुरी आमच्याच हातात येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी बापाला म्हणालो, आबा, सुरी परत करा आणि तोंडावर नाही म्हणा.

"तू कागद वाटून लातूरला जातूस," तो म्हणाला. "पाणी तुझ्या आईला भरायचं हाय."

आणि त्यानं सुरी घासायला घेतली. पण धार दगडावर उभी धरून घासली, होती नव्हती तेवढीही मारून टाकली. मग राखेनं पातं आरशासारखं लखलखीत केलं. मालकानं ओट्यावर बसून ते उन्हात फिरवलं आणि खूश झाला. बापाच्या हुशारीवर वस्ती दिवसभर हसली. मी हसलो नाही. साधं नाही म्हणायला माणसाला सोंग काढावं लागतंय, यात हसण्यासारखं काय होतं?

मालकानं सोलायला देगलूरकडनं एक माणूस आणला होता. त्याच्या हातात सुरी नुसती घसरत राहिली. दुसऱ्या दिवशी टँकर आला, बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या, आणि मालक ती सुरी घेऊन बापासमोर आला.

"धार लागली न्हाई. आता तूच ये आन सोल."

बापानं सुरी हातात घेतली नाही. आई रांगेत पुढंच होती. तिच्याकडं त्यानं एकदा बघितलं.

"धार मीच मारलीय," तो म्हणाला. "आमी सोलणार न्हाई, मालक."

मालक चिडला नाही. गड्याला नळी गुंडाळायला सांगून तो आत गेला. घागरी रिकाम्या परतल्या, आणि काही बायकांनी बापालाच शिव्या घातल्या. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.

मी पाण्यासाठीचा अर्ज घेऊन लातूरला एका कचेरीत गेलो. जिल्हा नवा आहे, तुमच्या गावाचं दप्तर अजून उस्मानाबादहून यायचंय, असं तिथल्या साहेबांनी पंख्याखाली बसून सांगितलं. पाणी घेणार का, असंही विचारलं. मी प्यालो नाही.

मेलेल्या बैलांचा वास ओट्यापर्यंत पोचला तेव्हा मालकानं ते चामड्यासकट पुरले. नळी मात्र अजून सोडलेली नाही. आई नदीच्या वाळूत झिरा उकरते आणि वाटीवाटीनं घागर भरते. बाप आता तिच्याबरोबर जातो. परतताना दोघांना मालकाच्या दारावरूनच यावं लागतं, आणि तेवढ्यात टँकर त्याच्या हौदात रिकामा होत असतो.