प्रभाकररावांनी नाकारलेला विषय

प्रभाकरराव वर्ध्याला आमच्या कॉलेजात वाणिज्य शिकवत. माणूस सरळ, शिकवणं चोख, पण स्वभाव भित्रा. विद्यापीठाचं साधं पत्र आलं तरी दोनदोनदा वाचायचे.

१९९६ साली देवळीची ज्योत्स्ना त्यांच्याकडे पीएच.डी.साठी आली. देवळीच्या बाजारात काही मुसलमान दुकानदार बिनव्याजी कर्ज देणारी एक छोटी संस्था चालवत. ज्योत्स्नाच्या वडिलांचं कापडाचं दुकान त्यांच्या शेजारीच. उन्हाळाभर दुकानोदुकानी बसून तिनं चाळीस माणसांशी बोलून एका वहीत टिपणं काढली होती. व्याज न घेता संस्थेचा खर्च भागतो कसा, कोणी पैसे बुडवले तर काय करतात, बायका इथंच का येतात, सगळं त्या वहीत होतं. विषयही तिनं ठरवून आणला होता, इस्लामी बँकिंग.

प्रभाकररावांनी वही उघडलीच नाही.

"आपल्या लायब्ररीत यावर एक पुस्तक नाई. परीक्षक कुठून आणू? अन् धर्माचा विषय, काऊन भानगडीत पडून राह्यली? पतसंस्था घे, तीन वर्षांत मोकळी होशील."

"पण सर, पतसंस्थेवर तर सगळेच करून राह्यले."

"म्हणूनच घे."

तिनं घेतला. दीड वर्ष कसाबसा रेटला, मग ती यायची बंद झाली. प्रभाकररावांनी चौकशी केली नाही. त्यांच्याकडे एक जागा रिकामी झाली, ती दुसऱ्याला मिळाली.

२००७ साली नागपूरच्या एका चर्चासत्रात ते एका सत्राचे अध्यक्ष होते. सतरा निबंधांपैकी नऊ इस्लामी बँकिंगवर! मलेशिया, बहारीन, तक्ते, आलेख. विषय आता चलतीत आला होता. पण नऊ जणांपैकी एकही कुठल्या कर्जदाराशी दोन शब्द बोलला नव्हता. समारोपाला उभे राहिलेल्या प्रभाकररावांनी दोन वाक्यांत सत्र आटोपलं.

पुढच्या रविवारी ते देवळीला गेले. ज्योत्स्ना वडिलांचं दुकान सांभाळत होती. तिनं खुर्ची दिली, चहा मागवला.

"तो विषय पुन्हा घे," ते म्हणाले. "फॉर्मसुद्धा मीच आणून देतो."

"आता कोणाले विचारू, सर? संस्था बंद होऊन पाच वर्षं झाली. जाणते लोक वारले, पोरं नागपूरले गेली."

"चूक माझी झाली, बाई."

"मले राग नाई, सर," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाला कापड दाखवायला उठली.

"रागावली असती तर बरं झालं असतं," दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते मला म्हणाले.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषणाचा कागद त्यांनी खिशातच ठेवला. म्हणाले, "माझ्या हातून एका मुलीचं संशोधन मेलं. ज्योत्स्ना तिचं नाव. ती आपल्या सगळ्यांच्या दहा वर्षं पुढं होती."

मग प्राचार्य उठले. "सरांचा हा विनय आपण सर्वांनी शिकण्यासारखा आहे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रभाकरराव "नाई, नाई" म्हणत होते, पण माईक त्यांच्यासमोरून हलवला होता.