खुशालरावांची काळीतली माडी

अकोटजवळच्या एका गावात खुशालरावांचा अर्धा जन्म वाकण्यात गेला होता. उत्तमराव पाटलाच्या गढीची दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातलं लहान दार, बुटकी. कामासाठी जाणाऱ्याला मान तुकवूनच आत शिरावं लागे. मग तिकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसात जुंपली, विलायतेला कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. खुशालरावांच्या कापसाचा पैसा झाला आणि अंगात वारं शिरलं.

त्यांनी माडी बांधायला काढली. तीही पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणात, पाटलाच्या शेजारी नाही. थेट आपल्या काळ्याभोर शेतात. सागवानी खांब, वर नक्षीचा सज्जा, आणि दाराची चौकट मात्र बकरीला शोभेल अशी. सुताराने कारण विचारलं.

"पाटलाच्या छातीइतकी ठेव," खुशालराव म्हणाले. "येऊ दे त्याले वाकून."

त्यांची बायको मैनाबाई कमी बोले, पण बोलली की टोचे. "काळीत कापूस पेरतेत, घर नाई बांधत कोनी. पावसाळ्यात फुगते ते माती."

"तुले काय समजते? चुन्याच्या भिंती हायेत."

काळीचा स्वभाव त्यांनाही ठाऊक होता. पण ताठा चढला की माणूस पायाखालचं बघत नाही.

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या. जेवणाचं आवतन पाटलाला गेलं. त्याला जरा तिष्ठत ठेवावं म्हणून खुशालरावांनी सकाळीच खांद्याने रेटून दार लावलं आणि पाटील यायच्या वेळी त्यामागे उभे राहिले. पाटील आला. यांनी दार ओढलं, ते हलेना. आठवडाभराच्या पावसाच्या झडीने माती फुगून चौकट तिरकी झाली होती. बाहेरून सालदार गडी ढकलून थकला. आत पुरणपोळ्या निवत होत्या. महालक्ष्मीच्या दारातून पाहुणा उपाशी गेला असता, तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

खालच्या खिडकीला अजून गज बसायचे होते. खुशालराव तिच्यातून निघाले. आधी डोकं, मग ढेरी, मग धोतर अडकलं. सुटले ते थेट चिखलात, पाटलाच्या जोड्यांपाशी, साष्टांग.

"उठा खुशालराव," पाटील म्हणाला. "आमच्या दिंडीत नुस्तं वाकाच लागते."

खुशालरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटलाने मात्र कडुनिंबाखाली घोंगडी अंथरवली आणि जेवायला बसला. मैनाबाईने आतून खिडकीशी पाटलाचं ताट आणलं.

"धरा," ती नवऱ्याला म्हणाली. "अन् वाकून घ्या. खिडकी बुटकी हाय."

खुशालराव वाकले.