खोडलेल्या नोंदी

रविवारी सकाळी सहाला माझी धाकटी बहीण माजिवड्याहून येते आणि मी आईला तिच्या ताब्यात देऊन बाहेर पडते. साडेअकराला बहिणीला परत जायचं असतं. आईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आठवड्यातले हे साडेपाच तास तेवढे माझे. त्या वेळात मी फुलपाखरांचे फोटो काढते. ऑफिसातल्या बायकांना वाटतं, किती छान, मन अगदी ताजंतवानं होत असेल. खरं सांगायचं तर कितीतरी रविवारी मी वर्तकनगरच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी असते तेव्हा डोक्यात एकच असतं, परत वर जावं आणि झोपावं.

झोपत नाही, कारण सर वाट बघत असतात.

सर माझे शिक्षक नव्हते. कुठल्याशा शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि ते नि काकू, म्हणजे त्यांची बायको, ठाकुर्लीला राहिले. आठ वर्षांपूर्वी मी नवा कॅमेरा घेऊन येऊरच्या जंगलात एका फुलपाखरामागे धावत होते. वाटेच्या कडेला दगडावर छत्री घेऊन बसलेला एक माणूस म्हणाला, "अगं, पळू नकोस. त्याला कुठे जायचंय ते बघ आणि आधी तिथे जाऊन बस." मी घाणेरीच्या झुडपापाशी जाऊन बसले. पाच मिनिटांनी ते फुलपाखरू माझ्यासमोर येऊन बसलं. तेव्हापासून आम्ही दोघं एक रविवार येऊरला आणि एक रविवार ठाकुर्लीच्या खाडीकडे जायला लागलो.

सरांकडे कॅमेरा नव्हता. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची वही होती आणि एक नियम होता. वहीत दिसलं तेच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. मी फोटो काढायची, ते नाव सांगायचे, किती दिसली, कशावर बसली होती, ऊन होतं की ढग, सगळं लिहायचे. आठवड्यात कधीतरी जेवणानंतर मी ती यादी अभ्यासकांच्या एका वेबसाइटवर चढवायची. सरांच्या नावाने. नोंदी त्यांच्या, मी नुसती टायपिस्ट, असं मी म्हणायचे आणि ते हसायचे.

गेल्या दोन वर्षांत ते थोडे बदलले होते. "फोटो मिळाला का?" असं सारखं विचारायचे. छत्री काठीसारखी टेकत चालायचे. एखादं फुलपाखरू अगदी समोर बसलेलं असलं तरी मान तिरकी करून बघायचे. मला वाटलं, वय झालं. मला स्वतःलाच तेव्हा चढ चढताना धाप लागायची, आईच्या रात्रीच्या हाकांमुळे झोप पुरी व्हायची नाही. शेजारचा माणूस मान तिरकी का करतोय हे विचारण्याइतकी मी जागीच नसायची.

ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी खाडीकडे नव्या लोकांना घेऊन जायचं ठरलं. डोंबिवलीतल्या एका हौशी ग्रुपने सरांना बोलावलं होतं. पंधरा-सोळा जण होते, बहुतेक जण कॉलेजातले किंवा नुकते नोकरीला लागलेले. सर खुशीत होते. रुईच्या झाडापाशी उभं राहून त्यांनी प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची गोष्ट सांगितली. त्याची अळी रुईची कडू पानं खाते, म्हणून पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. आणि डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या एका फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचं सोंग घेते, म्हणजे तिलाही कोणी खात नाही. "फरक कसा ओळखायचा?" सरांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असले तर खरं. नसले तर सोंग."

पुढे कोळ्यांच्या घरांपलीकडे, जिथे जाळी वाळत घातलेली असतात, तिथे जमिनीलगत घोळीची भाजी माजली होती. तिच्यावर एक नारिंगी फुलपाखरू बसलं होतं.

"हा बघा प्लेन टायगर," सर म्हणाले.

मी वाकून फोटो काढला. एक मुलगी माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "सर, पण हे घोळीवर अंडी घालतंय ना? प्लेन टायगर रुईवर घालतं असं तुम्हीच मघाशी बोललात."

"अंडी घालत नाहीये. नुसतं बसलंय," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय गं, मधोमध ठिपके आहेत ना?"

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. एकही ठिपका नव्हता. अंडी दिसत होती, एका पानाखाली एक. पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती आणि सर माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत होते.

"आहेत," मी म्हणाले आणि कॅमेरा बंद केला.

ती मुलगी फोन काढून पुन्हा पानावर वाकली. संध्याकाळी ग्रुपवर तिचा फोटो आला, अगदी स्वच्छ, खाली नम्रपणे लिहिलेलं, "हे डॅनेड एगफ्लायची मादी असावी का?" अर्ध्या तासाने सरांचा फोन आला.

"काकूला फोटो बघायला लावला," ते म्हणाले. "ती म्हणते ठिपके नाहीत."

"हो सर."

"तुला दिसत होतं?"

"हो."

"मग?"

मी म्हटलं, "सर, इतक्या लोकांसमोर कसं सांगणार होते मी?"

"आठ वर्षांत एवढंच शिकलीस?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला दिसत नाही ते ठीक आहे गं. तुला दिसतं आणि तू सांगत नाहीस."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. दोन वर्षं झाली होती, मधेमधे डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागत होतं. मधली नजर जात चालली होती, कडेची शाबूत होती. "ज्याच्याकडे बघतो ना, नेमकं तेच नाहीसं होतं," ते म्हणाले. "सुरुवातीला वाटलं, फुलपाखरंच ती, बघायला गेलं की उडतातच."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. त्या क्षणी मला राग आला. मी म्हणाले, "दोन वर्षं मला सांगितलं नाहीत आणि मी एकदा खोटं बोलले तर मला बोलता? आठवड्यातले साडेपाच तास असतात माझ्याकडे, सर. ते मी तुम्हाला देते." हे बोलायचं नव्हतं. आतल्या खोलीतून आई हाक मारत होती, मी फोन ठेवला.

त्यानंतर चार रविवार मी गेले नाही. बहीण यायची, मी तिला चहा करून द्यायची आणि पुन्हा आडवी व्हायची. दहा वाजता उठायची तर डोकं जड, अंग आदल्या दिवशीपेक्षा जास्त दुखायचं. तिसऱ्या रविवारी बहीण म्हणाली, "तू झोपायलाच थांबणार असशील तर मी कशाला येऊ गं पहाटे उठून?" तिचंही बरोबर होतं.

पाचव्या आठवड्यात काकूंचा फोन आला. सर एकटेच खाडीवर गेलेले, बांधावरून पाय घसरून चिखलात पडलेले. हाडं वाचली, पण मनगट सुजलंय. एका कोळीणबाईने हाताला धरून घरी आणून सोडलं. "तू ये म्हणत नाहीत ते," काकू म्हणाल्या. "मी म्हणतेय."

मी गेले तेव्हा ती कोळीणबाई दारातच होती, सरांची चिखलातून काढलेली चप्पल धुऊन द्यायला आलेली. मला ती जाता-येता ओळखायची. "मास्तराना एकला सोरू नुको गो बाय," ती म्हणाली आणि चप्पल माझ्या हातात देऊन गेली.

सर जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. मनगटाला पट्टी. समोर वह्यांची चळत. मी माफी मागायची तयारी करून आले होते, त्यांनी ती मागूच दिली नाही.

"बस," म्हणाले. "काम आहे. या दोन वर्षांतल्या नोंदी काढ. ज्यांचा तुझा फोटो आहे त्या ठेव. ज्या मी नुसत्या नजरेने लिहिल्या त्या खोड. वहीतूनही आणि तिकडे वेबसाइटवरूनही."

"सगळ्या?"

"सगळ्या. कुठल्या खऱ्या, कुठल्या चुकीच्या, हे आता मलाही सांगता येणार नाही. आणि तिथे बसून कोणीतरी त्यावर अभ्यास करत असेल."

चार रविवार आम्ही ते केलं. बाहेर हंगाम सरत होता, खाडीकडे ऊन छान पडलेलं असायचं आणि मी ठाकुर्लीच्या तिसऱ्या मजल्यावर लाल पेन घेऊन बसलेली असायची. मी नोंद वाचायची, लॅपटॉपवर फोटो शोधायची, मिळाला की "आहे", नाही मिळाला की "नाही". "नाही" म्हटलं की ते म्हणायचे, "खोड." काकू मधे मधे चहा ठेवून जायच्या. पाठ धरायची, डोळे चुरचुरायचे. कंटाळा यायचा, अगदी शाळेतल्यासारखा. फोटो नसलेल्या नोंदी मला वाटल्या त्याहून फार जास्त निघाल्या. मी नेहमी जवळच्या, खाली बसलेल्या फुलपाखरांचे फोटो काढायची. उंचावरची, उडती, लांबची सगळी सरांच्या भरवशावर सोडलेली.

चौथ्या रविवारी ती नोंद आली. येऊरच्या ओढ्याजवळ, झाडांच्या शेंड्यांवरून जाणारं एक सदर्न बर्डविंग. काळं आणि सोनेरी, हातभर वाटावं एवढं मोठं. आमच्याकडे सहसा न दिसणारं. त्या दिवशी सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. वेबसाइटवर ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं. त्यांच्या इतक्या वर्षांतली ती सगळ्यांत मोठी नोंद होती. मी कॅमेरा वर करेपर्यंत ते गेलेलं. मी पाहिलंच नव्हतं.

मी ती नोंद वाचलीच नाही. पान उलटलं.

"एक राहिली," सर म्हणाले. त्यांना तारीखवार पाठ होतं सगळं.

"सर, ही राहू द्या. ही तुम्ही नीट पाहिली होती."

"कोपऱ्यातून पाहिली होती. पिवळं काहीतरी मोठं हललं. पंख होता की वाळलेलं पान खाली येत होतं, आज मी शपथेवर सांगू शकत नाही."

"कोण विचारतंय पण, सर?"

"मी विचारतोय," ते म्हणाले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "खोड गं," सर म्हणाले. "मला आता थकवा आलाय या सगळ्याचा. एकदा संपू दे."

मी खोडली. वहीत लाल रेघ मारली, मग लॅपटॉपवरून काढून टाकली. पडद्यावर 'नक्की काढायचं का' असा प्रश्न आला तेव्हा मी त्यांना न विचारता 'हो' दाबलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. सर तोवर खुर्चीतच झोपले होते, दुखरा हात मांडीवर ठेवून.

डिसेंबरपासून आम्ही पुन्हा जायला लागलो. येऊरचा चढ आता त्यांना झेपत नाही, म्हणून फक्त खाडीकडे. नाव मी सांगायचं नाही असं ठरलंय. मी दिसतं ते सांगते: केवढं आहे, पंख मिटून बसलंय की पसरून, कडेला काय आहे, डोक्यावरच्या शिंगांची टोकं कशी आहेत. ते प्रश्न विचारतात. पहिल्या दिवशी माझी फार फजिती झाली. रोजच्या ओळखीचं निळं, नखाएवढं फुलपाखरू, आणि मला त्याच्या पंखाच्या खालच्या बाजूचे ठिपके सांगता येईनात. आठ वर्षांत मी त्याचे शेकड्यांनी फोटो काढले असतील. नाव माहीत होतं म्हणून मी बघणंच सोडून दिलं होतं. आडवी होऊन, कोपरांवर, चिखलात, मी ते ठिपके मोजले आणि मोठ्याने सांगितले. पूर्वी एका सकाळी तीसेक जाती व्हायच्या. आता तीन-चार होतात. पतंग बरे पडतात, कोळ्यांच्या घरांच्या भिंतींवर सकाळीही हलत नाहीत, सर जवळ जाऊन, मान वळवून, कडेच्या नजरेने थोडेसे बघतात.

वहीत आता मी लिहिते. पहिल्याच दिवशी पानावर त्यांचं नाव घातलं तर म्हणाले, "पाहिलं कोणी?" मी म्हटलं, मी. "मग तुझं लाव." मी माझं लावलं. आनंद वगैरे झाला नाही, ओझंच वाटलं. आता चूक झाली तर माझी.

काही रविवारी मला ते सगळं नको असतं. तेच तेच बोलून घसा सुकतो, आणि सर एका फुलपाखराला पंधरा-पंधरा मिनिटं सोडत नाहीत. गेल्या रविवारी मी चिडून म्हणाले, "सर, तपकिरी आहे. नुसतं तपकिरी. जगात तपकिरी रंग असतो."

"कसलं तपकिरी? चहाचं की खजुराचं?"

मी पुन्हा वाकले. कंबरेत कळ आली. "भिजलेल्या सुपारीचं," मी म्हणाले. ते मान हलवत म्हणाले, "हं, मग पंख उघडेपर्यंत थांबावं लागेल." आम्ही थांबलो. त्याने पंख उघडले नाहीत. सव्वादहाला बहिणीचा फोन आला, आईला अंघोळीला उठवायचंय, लवकर येशील का. मी वहीत 'ओळख पटली नाही' लिहिलं, सरांना हात देऊन उठवलं आणि त्यांना घरी सोडायला निघाले.