उजवीकडे पाहणारा मोर

जहीरभाई अमरावतीच्या बाजारात रुईच्या गाठींवर छाप काढायचा. प्रत्येक व्यापाऱ्याचा छाप वेगळा. कुणाचा कलश, कुणाचा बैल. किसनरावांचा मोर, उजवीकडे पाहणारा. बिनछापाची गाठ म्हणजे चोरीची, असा बाजाराचा रिवाज. तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती, विलायतेहून आमच्या कापसाला मागणी होती. जहीरभाईच्या कुंचल्याला उसंत नव्हती.

मी मुंबईहून साहित्य शिकून परतलो होतो. गावात अक्षरांवर तासभर भांडेल असा हा एकटाच भेटला. 'ळ'ची गाठ नीट वळली नाही तर तो जेवत नसे.

शालिकराम मास्तरांनी कादंबरी लिहिली. तिच्यात एक व्यापारी रुईवर पाणी मारून वजन वाढवतो आणि शेवटी त्याला बेड्या पडतात. आमच्या बाजारात पाणी कोण मारतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाव कुणी घेत नसे.

मास्तरांनी वरच्या पानाचं काम जहीरभाईला दिलं.

"गाठीवरचं काम जहाजात जाते," तो मला म्हणाला. "तिकडं फाडून फेकतात. हे लोकाच्या घरात राहीन, भाऊ."

आम्ही अकोल्याच्या शिळाछापखान्यात गेलो. तिथं दगडावर सगळं उलटं लिहायचं असतं, कागदावर ते सुलटं उमटतं. जहीरभाईनं आरसा समोर ठेवून कादंबरीचं नाव उलटं लिहिलं. खाली रुईनं भरलेली बैलगाडी काढली. मग थांबला.

"कोऱ्या गाठी बऱ्या नाही दिसत. चोरीचा माल वाटते."

त्यानं गाठीवर मोर काढला. मी दचकलो.

"भेता काहून? याचं तोंड पाहा ना. डावीकडं हाय. समजणारा हसीन, पण कोणी धरू नाही शकत."

तो स्वतःही हसला. अक्षरांसाठी त्यानं आरसा धरला होता. मोर मात्र आरशात न पाहता, दगडावरच डावीकडे तोंड करून काढला. माझ्याही ते ध्यानात आलं नाही. छपाई व्हायच्या आधी आम्ही परतलो.

पुस्तकं आली. मास्तरांनी ती हौसेनं बाजारभर वाटली. संध्याकाळी मी एक प्रत घेऊन जहीरभाईकडे गेलो. त्यानं पान पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. मोर उजवीकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिथंच असताना किसनराव त्याच्या दारात आले. हातात पुस्तक होतं.

"जहीर, मोर झकास काढला बे. माह्या गाठीवर असा काहून नाही काढत?"

"शेट, त्याचं तोंड मी डावीकडं..."

"मी काही इचारलं का तुले?" किसनराव हसत होते. "अकोटले गाठी पडल्या हायेत. छाप मारायचा हाय. चाल, दमणी उभी हाय."

बैल जुंपलेल्या दमणीपाशी गाडीवान होता. मागे काठ्या घेतलेले दोन गडी. मी जहीरभाईला बाजूला ओढलं आणि जाऊ नकोस म्हटलं.

"नाही गेलो तर कबूल केल्यासारखं होते," तो हळूच म्हणाला. "आन् गाठी पडून असताना छापवाला नाही म्हणाला, असं आजलोक झालं नाही."

त्याच्या बायकोनं, फरजानाभाभीनं, फडक्यात भाकरी बांधून दिली. तो दमणीत चढला. किसनरावांनी मला रामराम केला, अगदी अदबीनं.

चार दिवसांनी दमणी आली. आत कुणी नव्हतं. गडीही नव्हते. भाभी पदर सावरत रस्त्यावर आली, मागोमाग मी.

"पूर्णेपाशी उतरला," गाडीवान बैलांकडे पाहत म्हणाला. "मांगं नाही आला."

नदीला घोटाभरच पाणी होतं. 

"आन् अकोटचं काम?" भाभीनं विचारलं. "छाप झाला का गाठींवर?"

त्यानं कासरा हातात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"अकोटले गाठी नव्हत्याच, भाभी."