वाकळेतलं लुगडं

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पेन्सिलीच्या टोकानं एक गोल दाखवला. "ही कॅव्हिटी. म्हणजे फुफ्फुसाला पडलेलं भोक," ते म्हणाले. "बाई, तुमच्या यजमानांना टीबी आहे."

आमचे हे स्टुलावर ताठ बसले होते. अंगात पांढराशुभ्र सदरा, खाली कडक खळीचं धोतर. मीही पांढरं लुगडं नेसून उभी होते. खोटं कशाला सांगू, टीबी हा शब्द कानावर पडला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की बरं झालं, कपडे तरी नीट घालून आलो. माझं वय तेव्हा चोवीस होतं आणि अक्कल बेताची.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षाची ही हकिकत. ज्यांच्या घरात असं आजारपण आलंय त्यांनी वाचावी म्हणून लिहिते. कुंडलच्या पलीकडे आमचं गाव. हे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, रोजंदारीवर. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून खोकला होता. सगळे म्हणायचे, खडीची धूळ गेली असेल घशात. मग संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, आणि श्रावणात एकदा खोकल्याबरोबर रक्त पडलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही सांगलीकडे जाणारी एसटी धरली.

कपड्यांचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला दहा वर्षं होत आली होती. त्याआधी माझी सासू, म्हणजे आत्याबाई, टोपलं घेऊन गावातून शिळी भाकरी मागून आणायची. हे लहान असताना तिच्या मागून चालायचे. दीक्षा घेतली त्या आठवड्यात आत्याबाईंनी ते टोपलं चुलीत घातलं. तेव्हापासून घराचा नियम एकच. फाटकं घालायचं नाही आणि कुणापुढे हात पसरायचा नाही. दवाखान्यासारख्या मोठ्या ठिकाणी जायचं म्हणून मी शेजारणीकडून मूठभर तांदूळ आणून पेजेची खळ केली होती, आणि तांब्यात निखारे भरून सदऱ्यावर इस्त्री फिरवली होती.

दवाखाना एका ट्रस्टचा होता. नाव लिहीत नाही, आता तो राहिलेलाही नाही. डॉक्टर भला माणूस. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं इंजेक्शन रोज टोचून घ्यायचं, ते जंतू मारतं. त्याच्या जोडीला दोन तऱ्हेच्या गोळ्या. असं सगळं मिळून दीड वर्ष. "ताप उतरला, वजन वाढलं, तरी औषध सोडायचं नाही," ते म्हणाले. "परवडणार नसेल तर व्हरांड्यातल्या शेवटच्या खोलीत जा. तिथे पिवळं कार्ड देतात. ते असलं की सगळं फुकट."

शेवटच्या खोलीत एक चष्मेवाले साहेब बसले होते. त्यांनी मान वर करून आम्हाला एकदा पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काय काम करता?"

"सरकारी कामावर हाय जी," हे म्हणाले. रस्ता सरकारचाच होता, तेव्हा ते खोटं नव्हतं. खडी फोडतो असं सांगायला त्यांना जड गेलं असणार.

"भागतं ना घरचं?"

"भागतं की."

परक्या माणसानं विचारलं तर दुसरं काय सांगतात? आमच्याकडे दोन दिवस चूल पेटली नसली तरी 'कसं काय' म्हटल्यावर माणूस 'बरं हाय' असंच म्हणतो. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी 'सरकारी कामावर, पैसे भरण्यास समर्थ' असं लिहून साधं कार्ड पुढे सरकवलं. मी सातवी पास, मला ते वाचता आलं. मी ह्यांना कोपरानं ढोसलं, पण हे हलले नाहीत. आणि मीही तोंड उघडलं नाही. आमच्याबद्दल 'समर्थ' हा शब्द कुणी पहिल्यांदाच लिहिला होता.

आमचं ते सामर्थ्य औषधाच्या दुकानापर्यंतसुद्धा टिकलं नाही. चिठ्ठीतली निम्मीच औषधं घेऊन आम्ही घरी आलो. पुढे शेळी विकली, मग तांब्याची घागर. गावातल्या दवाखान्याचा कंपाउंडर इंजेक्शन टोचायचा. गोळ्या मूठभर होत्या, त्या खाऊन ह्यांच्या पोटात ढवळायचं. तरी दीड महिन्यात ताप गेला. हे जेवायला लागले, आईची थट्टा करायला लागले. मला वाटलं, सुटलो.

त्यातच औषध संपलं. दोन दिवस नाही घेतलं, काही झालं नाही. मग कधी दिवसाआड, कधी आठवड्यानं, जसं मिळेल तसं. 'ताप न्हाई तर औषध कशाला,' हे घरात पहिल्यांदा मीच म्हणाले. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते, तरी म्हणाले. वाचणाऱ्यानं माझं बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवावं.

मदत मिळते का हे बघायला मी हिंडत होतेच. चष्मेवाल्या साहेबांकडे पुन्हा एकटी गेले, तशीच स्वच्छ लुगड्यात. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "एकदा लिहिलं ते लिहिलं. गरिबीचा दाखला आणा." तो दाखला आणायला तासगावच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. तिथला कारकून दवाखान्याचं कार्ड बघून हसला. "नवरा सरकारी कामावर, आणि गरिबीचा दाखला मागता होय?"

मग माझे वडील मला साताऱ्याला घेऊन गेले. माझं माहेर औंधाच्या बाजूचं. साताऱ्यात एका धर्मादाय संस्थेकडे हरिजन रुग्णांसाठी फंड होता. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, फॉर्म दिला. मी तो भरला. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं. ते वाचून त्यांचा चेहरा उतरला. "पोरी, ह्या फंडात हे बसत नाही. तिथे जुनंच, हिंदू म्हणून लिही, मी आजच मंजूर करतो."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी दुसरा कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवलाही. मी टाक हातात घेऊन बसले. माझ्या डोळ्यांसमोर आत्याबाईंचं चुलीतलं टोपलं होतं. शेवटी मी टाक खाली ठेवला आणि उठले. तेव्हा मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास ह्यांना पुन्हा रक्त पडलं, आणि ह्या वेळी पुष्कळ. आत्याबाईंनी ते राखेनं झाकलं आणि आत जाऊन स्वतःची वाकळ घेऊन अंगणात बसल्या. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेलं पांघरूण. त्या दाभणानं तिचे टाके उसवायला लागल्या. थंडीच्या दिवसांत ही बाई पांघरूण का फाडते, मला कळेना.

"आत्याबाई, काय करताय?"

"घरात फाटकं एकबी लुगडं न्हाई. तू ठिवलंच न्हाईस." तिसऱ्या थरातून त्यांनी एक लुगडं ओढून काढलं. रंग उडालेलं, विरलेलं, खांद्याशी हिरवं ठिगळ. "टोपलं जाळलं, पर हे जाळाय जीव झाला न्हाई. उबंला ऱ्हाईल म्हनून वाकळंत घातलं हुतं. हे नेस आनि जा त्या साहेबाकडं."

भाकरी मागायला जाताना नेसायचं ते लुगडं होतं. म्हटलं, "ह्यांना कळलं तर?"

"कळंल. जिता ऱ्हायला तर रागवंल."

मी घरातून माझं चांगलं लुगडं नेसून निघाले आणि सांगलीत उतरल्यावर एका धर्मशाळेच्या न्हाणीत ते बदललं. साताऱ्यात कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, इथे अंगावर नेसलं. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. हात कसे जोडायचे, काय म्हणायचं. त्यातलं काहीच लागलं नाही. मी दारात उभी राहिले, साहेबांनी लुगड्याकडे पाहिलं आणि फक्त पेशंटचं नाव विचारलं. दोनदा मी त्याच टेबलासमोर उभी राहिले होते, त्यांनी मला ओळखलं नाही. जुनं कार्ड कुणी काढून बघितलं नाही. पिवळं कार्ड माझ्या हातात आलं तेव्हा मी आत शिरताना बाहेरच्या बाकावर रडायला लागलेलं बाळही थांबलं नव्हतं, इतक्या लवकर ते झालं.

मला इतका आनंद झाला की परत येताना लुगडं बदलायचं मी साफ विसरले. हे उंबऱ्याजवळ उन्हाला बसले होते. मी कार्ड उंच धरून दाखवत आले. त्यांनी कार्डाकडे पाहिलंच नाही.

"आईचं हाय न्हवं हे?"

"व्हय."

"ह्याच ठिगळाकडं बघत मी मागनं चालायचो. औषध घेतो. पर माज्यासमोर हे पुन्हा नेसू नगंस."

ह्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. आता सगळं फुकट होतं. रोज इंजेक्शन, वेळेवर गोळ्या, दूध. पण ताप हटेना. डॉक्टरांनी थुंकीची कल्चर नावाची तपासणी करायला पाठवली. त्यात थुंकीतले जंतू वाढवून, कोणतं औषध त्यांच्यावर चालतं ते बघतात. त्याचं उत्तर यायला कित्येक आठवडे लागले. ते आठवडे मी व्हरांड्यात चटईवर काढले.

उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. "ह्याला रेझिस्टन्स म्हणतात," ते म्हणाले. "औषध अर्धवट घेतलं की उरलेले जंतू त्याला सरावतात. मग तेच औषध कितीही दिलं तरी त्यांना काही होत नाही." दुसरी औषधं होती. ती मुंबईहून मागवावी लागत आणि पिवळ्या कार्डावर बसत नव्हती. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

ह्यांनी दसऱ्यापर्यंत दिवस काढले. शेवटचे पंधरा दिवस घरीच होते. गेले त्या सकाळी मी तोच सदरा काढला, खळ केली, तांब्यात निखारे भरले आणि इस्त्री केली. आत्याबाई शेजारी बसून कॉलर धरत होत्या. दोघींपैकी कुणालाच रडू येत नव्हतं. ते नंतर आलं, आणि बरेच महिने आलं.

आत्याबाईंनी ते लुगडं पुन्हा वाकळेत घातलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतली कमळ दारात आली. तिच्या मुलाला रक्त पडलं होतं. ती मान खाली घालून मला म्हणाली, "शांताक्का, ते लुगडं देतीस का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी ते नेसून घरी आले ते लोकांनी पाहिलं होतं, आमची लाज सगळ्या वस्तीला कळली होती! मी काही बोलायच्या आत आत्याबाई उठल्या, ट्रंकेतून लुगडं काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, "आजच जा. उद्यावर टाकू नगंस. आनि पोरगं बरं दिसलं म्हनून औषध सोडू नगंस."

एकूण चार बायका ते लुगडं नेसून त्या खोलीत गेल्या. प्रत्येकीनं येताना पिवळं कार्ड आणलं आणि लुगडं धुऊन, घडी करून परत दिलं. आमच्या बायकांना मळकं परत करवत नाही. मग मी ते पुन्हा चुरगाळून ठेवायचे. माझ्यासकट पाच वेळा तेच लुगडं, तेच हिरवं ठिगळ, त्या टेबलासमोर उभं राहिलं. साहेबांनी एकदाही ओळखलं नाही. चारही घरची माणसं वाचली, कारण त्यांचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू झालं आणि मधे तुटलं नाही. कमळचा मुलगा आज आजोबा आहे.

आता टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तरीही लोक आजार लपवतात, मधेच गोळ्या सोडतात, आणि विचारलं की मान डोलावून 'सगळं ठीक' म्हणतात. आत्याबाईंचे उपकार मी जन्मभर मानत आले. ज्या लुगड्याची लाज वाटत होती तेच त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी काढून दिलं, ते स्वतःचा मुलगा गेल्यावर. एवढं मोठं मन मला आलं नाही. मला एवढंच शिकता आलं, की परवडत नसेल तर तोंडानं 'नाही' म्हणावं, आणि ते पहिल्याच दिवशी म्हणावं.

हल्ली वाटेत कुणी 'आज्जी, कसं काय?' म्हटलं की मी थांबते आणि गुडघ्यापासून डोळ्यापर्यंत काय काय दुखतंय ते सगळं सांगते. पोरं हसतात, सुना वैतागतात. वैतागू देत. 'बरं हाय' असं मी, हे गेले त्या दिवसानंतर, कुणाला सांगितलेलं नाही.