फळीवरचा तळहात

कोजागिरीची संध्याकाळ: जबाबदार, छातीवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक. दिवाळी पाडव्याची पहाट: जबाबदार, संस्थेचे चिटणीस. त्यानंतरची रथसप्तमी: जबाबदार, माननीय अध्यक्ष, एक शाल आणि एक श्रीफळ. नावे देत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती पाठ असावीत. प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत तीच तर असतात.

आता हकीकत. माझी पत्नी लग्नाआधीपासून नृत्याची वेडी. कथकचा कार्यक्रम पुण्यात कोठेही असो, त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक लवकर उरकत असे. काचबिंदूने तिची दृष्टी गेली, तेव्हा आप्तेष्टांनी सांत्वनार्थ गाण्यांच्या इतक्या कॅसेटी आणल्या, की कपाटात माझ्या पत्रव्यवहाराच्या फायलींना जागा उरली नाही. ती म्हणाली, "गाणं मी ऐकतेच आहे. मला नाच हवाय."

तो तिला मिळाला कसबा पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात. गर्दीमुळे आम्ही बैठकीच्या अगदी पुढे, ठेंगण्या लाकडी रंगमंचाला टेकून बसलो होतो. नृत्य सुरू झाले आणि तिने तळहात फळीवर ठेवला, तो शेवटपर्यंत उचलला नाही. मध्येच माझा हात ओढून तिने शेजारी ठेवला.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "आता ती त्या कोपऱ्यात आहे. आता येतेय आपल्याकडे. थांबली! पण फळी लगेच नाही हो थांबत. जराशी मागं राहते."

मी आयुष्यभर डोळे उघडे ठेवून नृत्ये पाहिली, त्यातली निम्मी घड्याळाकडे बघत. फळीचे ते मागे राहणे मला त्या दिवशी प्रथम कळले.

पुढे कोजागिरीला आम्ही कर्वेनगरातल्या एका नव्या सभागृहात गेलो, लवकर पोचून पुढची जागा धरली. तिने फळीवर हात ठेवताच बिल्लाधारी धावत आला.

"आजी, हात काढा. रंगमंच आहे तो."

"माहीत आहे. म्हणूनच ठेवलाय."

मी नियम विचारला. "नियम आहे, काका." कोठे लिहिला आहे? "असल्या गोष्टी काय लिहाव्या लागतात?"

लागल्या. मी पोचपावतीसह पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले नाही, पाटी आली. "रंगमंचास हात लावू नये." दिवाळी पाडव्याच्या पहाटे त्याच सभागृहात कार्यक्रमाला गेलो, तेव्हा तिच्या रंगाचा वास अजून ताजा होता. पुण्यनगरीच्या पाटी-वाङ्मयात माझा वाटा एवढाच, तो नम्रपणे नोंदवतो. ज्या एकमेव व्यक्तीसाठी ही पाटी लावली, तिलाच ती वाचता येत नव्हती. नोटीस बजावण्याची ही पद्धत कोणत्या कायद्यात बसते, हे जाणकारांनी सांगावे.

त्या पहाटे चिटणीस स्वतः आले. "बाईंना दिसत नाही ना? मग पुढची जागा कशाला अडवता?"

"तुम्हाला दिसतं ना?" पत्नी म्हणाली. "मग तुम्ही मागं बसा. लांबूनही दिसेल."

बैठकीत हशा पिकला. स्वयंसेवकाने मात्र तिचा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला, कोणाची विसरलेली वस्तू परत करावी तसा.

मी पुन्हा लिहिले. ज्या फळीवर पाय आपटण्यासाठी मानधन दिले जाते, तिच्यावर धुतलेला हात ठेवण्यास हरकत कोणत्या आधारे? या वेळी उत्तर आले. कार्यकारिणीने विषयाचा "संवेदनशीलतेने" विचार केला होता, आणि सोबत रथसप्तमीचे निमंत्रण होते.

रथसप्तमीला आमचा सत्कार झाला. कलेला डोळ्यांची गरज नसते, असे अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून बराच वेळ सांगितले. नर्तकी घुंगरू बांधून विंगेत ताटकळत होती. मग आम्हाला सन्मानाने बाजूच्या सोफ्यावर बसवण्यात आले. पायाखाली जाड गालिचा, कानाशी ध्वनिक्षेपकाचा कर्णा.

"इथून फळी किती लांब आहे हो?" पत्नीने विचारले.

"आजी, इथे आवाज उत्तम येतो!" अध्यक्ष म्हणाले.

"आवाज घरीही येतो," ती म्हणाली. हे वाक्य मात्र ध्वनिक्षेपकावर नव्हते.

परतताना रिक्षात तिने घडीची शाल माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही एकटेच जा. मला आता सत्कार सोसवत नाहीत."

तेव्हापासून ती कोठेही गेलेली नाही. कार्यक्रम होतात, जाहिराती मी मुद्दाम मोठ्याने वाचतो. आमच्याकडे स्वयंपाक रोजच्या वेळेला होतो.

शाल घडी न मोडता पुरावा म्हणून ठेवली आहे. श्रीफळाच्या वड्या झाल्या, तेवढा पुरावा नष्ट झाला. गुढीपाडव्याला संस्थेचा पुढचा कार्यक्रम आहे. ज्या ध्वनिक्षेपकावरून कलेला डोळे लागत नाहीत असे सांगितले, त्याच ध्वनिक्षेपकावरून, भरल्या सभेत, अध्यक्षांनी सांगावे: माझ्या पत्नीचा तळहात त्या फळीवर चालेल की नाही? होय किंवा नाही, सहानुभूती वगळून. तिला ऐकायला मी घेऊन येईन, त्याची चिंता नसावी. मात्र उत्तर तोंडी द्यावे. पाटी लावू नये.