न लागलेला ठोसा

योगराजचा कोणावर विश्वास नव्हता. तिरोडा रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. गिऱ्हाईक खिळा हातात धरून दाखवायचं, "हा बघा, इथंच घुसला होता," तरी हा बाबा अख्खी ट्यूब पाण्यात बुडवून गोल फिरवून पाहणारच. बायकोने, देवकाबाईने, भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं की याने मिठाची बरणी जवळ ओढलीच म्हणून समजा. "तुमच्या संशयाले औषध नाई," ती म्हणायची. त्यावरही तो विचार करत बसायचा, की ही आजच असं काऊन म्हणून राहिली.

दुकानामागे टिनाचं एक शेड होतं. तरुणपणी पोलीस भरतीच्या नादात योगराज नागपूरला राहिला होता, तिथे बॉक्सिंग शिकला. भरती हुकली, खेळ तेवढा अंगात राहिला. शेडमध्ये धानाचा कोंडा ठासून भरलेलं पोतं टांगलेलं, आणि संध्याकाळी गावातले पाच-सात जण तिथे घाम गाळायचे. त्यात एकच मुलगी, रुचिका. योगराजच्या बहिणीची, दुर्पताची लेक. बालाघाटकडून दहावीनंतर मामाकडे शिकायला आली आणि कॉलेजपेक्षा शेडमध्येच जास्त रमली. आता एकवीस वर्षांची झाली होती. जिल्ह्यात तिच्यासमोरच्या पोरी पहिल्याच फेरीत गळायच्या, इतका तिचा उजवा हात जड. आणि या वर्षी थेट विदर्भाच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी लढायचं बोलावणं आलं. समोर नागपूरची बाई, तीन वर्षं पट्टा कोणाला न देणारी.

दुसरा मामा असता तर पेढे वाटत सुटला असता. योगराजला आधी शंका आली ती हेमेंद्रची. हा गोंदियाचा, लढती भरवणारा माणूस. गाडीतून उतरला, शेडमध्ये रुचिकाचा सराव पाहिला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "योगराजभाऊ, इसको तो कोई छू ही नहीं पाता! तैयार है लडकी, एकदम तैयार. परसों शाम तक हां बोल दो, पोस्टर लगवाता हूं."

गाडी गेली. योगराज तिच्यामागची धूळ बघत राहिला. एवढी गोड जीभ कायले? याला पट्टेवालीसमोर उभी करायला एक हरणारी पोरगी तर हवी नाही ना? नागपूरला त्याच्याच खोलीत राहणारा एक पोरगा असाच कोणीतरी 'तयार आहे' म्हटल्यावर रिंगणात चढला होता आणि डोक्यावर मार खाऊन उतरला होता. आज पन्नाशीत तो स्वतःचं नाव सांगताना अडखळतो. दुर्पताने लेक धडधाकट पाठवली होती, धडधाकटच परत द्यायला हवी. पण नाही म्हणावं, तर अशी संधी पोरीला पुन्हा कोण देणार?

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. हेमेंद्रचं ते एक वाक्य डोक्यात कुसळासारखं टोचत होतं. कोणी हात लावू शकत नाही. का नाही? नागपूरला चांगल्या चांगल्यांना मार खाताना त्याने पाहिलं होतं. ठोसा न खाता कोणी बॉक्सर झालेला त्याच्या पाहण्यात नव्हता. मग ही एकटी अशी कोण लागून गेली?

दुसऱ्या संध्याकाळी तो पंपाने ट्यूबमध्ये हवा भरण्याचं सोंग करत शेडच्या दारात बसला. आत चैतराम आणि रुचिका. चैतराम गावातला, पंचविशीचा, धानाचं पोतं एकट्याने खांद्यावर टाकणारा गडी. त्याचा हात सुटायचा, रुचिका मान बाजूला काढायची, ठोसा हवेत. वा, काय चपळ पोरगी! पण योगराजने आज पोरीकडे पाहिलंच नाही. त्याने फक्त चैतरामच्या मुठीवर डोळा ठेवला. आणि त्याला दिसलं. रुचिकाची मान हलायच्या आधीच ती मूठ वीतभर अलीकडे थांबत होती. दर वेळी.

विकला गेला लेकाचा! योगराजने सराव संपताच चैतरामला गल्लीत गाठलं आणि त्याची कॉलर धरली.

"हेमेंद्रनं काय देल्लं तुले? खरं सांग."

"कोन हेमेंद्र? काय झालं गा भाऊ?"

"पोरीले मारत काऊन नाई तू? हात मागं घेऊन राह्यला, मी पाह्यलं."

चैतराम त्याच्याकडे असा पाहत राहिला, जणू म्हातारपणी योगराजचं डोकं फिरलं असावं. "भाची हाय ना ते," तो म्हणाला. "आपल्या गावची भाची. नात्यानं मी मामाच लागतो तिचा. जिच्या पाया पडतो, तिच्या तोंडावर मारू? पाप लागन बाप्पा. शेडातला कोनीच मारत नाई." मग कॉलर सोडवून घेत तो हळूच बोलला, "अन तुम्ही तरी कवा मारलं, भाऊ?"

 मामाने भाचा-भाचीच्या पाया पडायचं, हे या भागात कोणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. दर लढतीआधी तो स्वतः वाकून रुचिकाच्या पायांना हात लावायचा. तिला वाकायला, उलटं मारायला, पाय रोवायला, सगळं शिकवलं. पण तिच्या गालाला त्याचा हातमोजा एकदाही लागला नव्हता. ठरवून नव्हे. हातच आपोआप मागे यायचा. साऱ्या जगाचा संशय घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताचा संशय कधी आला नव्हता. योगराजला स्वतःचीच लाज वाटली.

उत्तर द्यायचा दिवस उजाडला. दुपारी त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि रुचिकाला शेडमध्ये बोलावलं. मोजे चढवले. वाकून तिच्या पाया पडला.

"आता कायले, मामा?" ती हसली. "लढत तं अजून दूर हाय ना."

"आज मी खरं मारनार हाव तुले. चालन?"

"मारा ना. लागला पाह्यजे पन." ती आणखीच हसली आणि नाचत पुढे आली.

योगराजने दात आवळले आणि मारलं. ठोसा सरळ गालावर बसला. फार जोराचाही नव्हता. रुचिका पडली नाही, रडली नाही. तिने दोन्ही हात खाली सोडले आणि त्याच्याकडे नुसतं पाहत राहिली. दूध द्यायला आलेल्या आईने कारण नसताना थोबाडीत मारावी आणि लेकराने पाहावं, तसं. दुसरा ठोसा कोणीही, कसाही मारावा, अशी उघडी उभी. नागपूरच्या बाईला एवढं पुरेसं होतं.

योगराजने दातांनी मोजा ओढून काढला आणि फोन लावला. "हेमेंद्रभाऊ, पोरगी तयार नाई."

"अरे, मजाक मत करो! मैंने खुद देखा है!"

"तुम्ही पाह्यलं, ते मीच दाखोलं होतं. नाई म्हंजे नाई."

फोन ठेवला तेव्हा रुचिकाच्या डोळ्यांत पाणी होतं. ठोशाने आलं नव्हतं, ते आता आलं. "मले कोनी हात लावू शकत नाई, गावभर सांगत होते सारे," ती म्हणाली. "म्हंजे ते खोटं होतं?"

"खोटं नोहोतं व. लाड होता." योगराज म्हणाला. "सारी चूक माहीच हाय."

ती पोत्याला टेकून उभी राहिली. मामाचा तिला भयंकर राग आला होता, आणि तो तिने लपवलाही नाही. मग तिने मोज्याच्या पाठीने नाक पुसलं आणि शेडच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मंग आता मले मारनार कोन?"

"मीच," योगराज म्हणाला. "हात वर ठेव आधी."

तिने हात वर केले, हनुवटी आत घेतली, पाय रोवले आणि वाट पाहू लागली. त्याचे हात मात्र उठेनात.